द्विराष्ट्रवाद आणि पाकिस्तानचे शेजारसंबंध

द्विराष्ट्रवाद : ब्रिटिश हिंदुस्थानातील हिंदू व मुसलमान हे केवळ दोन धर्मसमाज नसून ती दोन स्वतंत्र राष्ट्रे आहेत, असे प्रतिपादणारी राजकीय विचारसरणी. या विचारसरणीच्या आधारे १४ ऑगस्ट १९४७ रोजी पाकिस्तान हे राष्ट्र अस्तित्वात आले. धर्म हाच राष्ट्रीयत्वाचा पाया मानून निर्माण झालेल्या या राष्ट्राचे भारताशी असलेले वैर सर्वपरिचित आहे; परंतु अफगाणिस्तान या मुस्लिम शेजाऱ्याशीही त्याचा संघर्ष प्रारंभापासून चालू आहे आणि त्याच्या लोकसंख्येचा निम्म्याहून अधिक भाग पंचवीस वर्षांच्या आत त्यापासून फुटून निघाला. द्विराष्ट्रवादाचे मूल्यमापन करताना या तिन्ही गोष्टी एकत्र पाहणे आवश्यक ठरते.

मुस्लिम लीगची स्थापना डाक्का येथे १९०६ मध्ये झाली. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले आणि १९१६ च्या लखनौ कराराने काँग्रेसनेही ते मान्य केले. या करारामागे लोकमान्य टिळकांचा पुढाकार होता. १९३० च्या अलाहाबाद अधिवेशनात मुहंमद इक्बाल यांनी वायव्येकडील मुस्लिमबहुल प्रदेशांच्या एकत्रीकरणाची कल्पना मांडली. पाकिस्तान हे नाव मात्र केंब्रिज येथे शिकत असलेल्या चौधरी रहमत अली यांनी १९३३ मधील एका पुस्तिकेत प्रथम योजिले. पंजाब, अफगाणी (वायव्य सरहद्द) प्रांत, काश्मीर, सिंध व बलुचिस्तान यांवरून ते साधलेले होते. त्यात बंगालचे एकही अक्षर नव्हते, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने सूचक म्हटली पाहिजे. हिंदू व मुसलमान ही दोन राष्ट्रे आहेत, असे विधान हिंदुमहासभेच्या १९३७ मधील अहमदाबाद अधिवेशनाच्या अध्यक्षपदावरून वि. दा. सावरकरांनीही केले होते. तथापि त्यांना देशाची फाळणी अभिप्रेत नव्हती.

मार्च १९४० मधील लाहोर ठराव बंगालचे मुख्यमंत्री फजलुल हक यांनी मांडला. या ठरावात पाकिस्तान हा शब्द नव्हता आणि वायव्य व पूर्व विभागांसाठी ‘स्वतंत्र राज्ये’ असा बहुवचनी उल्लेख होता. एप्रिल १९४६ मधील दिल्ली येथील संमेलनात त्याचे एकवचन झाले. त्याच वर्षी, म्हणजे १९४० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाकिस्तानविषयक ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. या प्रश्नाची दोन्ही बाजूंनी इतकी निर्विकार छाननी त्या काळात अन्य कोणी केली नाही. सुरक्षित सरहद्दीपेक्षा विश्वासार्ह सैन्य अधिक मोलाचे, हा त्यांचा एक मुद्दा. आणि फाळणी करावयाचीच तर तुर्कस्तान, ग्रीस व बल्गेरिया यांच्या धर्तीवर लोकसंख्येची रीतसर अदलाबदल करावी, हा दुसरा. काँग्रेस व लीग या दोन्ही पक्षांनी दुसऱ्या मुद्द्याकडे दुर्लक्ष केले. अदलाबदल झालीच, पण ती रीतसर झाली नाही.

द्विराष्ट्रवाद राष्ट्रात कोण मोडतो हे सांगत होता. राष्ट्र कोठे संपते हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. पंजाब व बंगालमध्ये दोन्ही धर्मांचे लोक गावोगावी मिसळलेले होते. सीमा आखण्याचे काम सिरिल रॅडक्लिफ या इंग्रज कायदेपंडितावर सोपविण्यात आले. ते ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. पूर्वी ते येथे कधीही आलेले नव्हते. त्यांचा निवाडा १७ ऑगस्ट रोजी, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, जाहीर झाला. त्या दोन दिवसांत कित्येक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे निश्चित ठाऊक नव्हते. फाळणीमुळे सु. सव्वा ते दीड कोटी लोक निर्वासित झाले. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक दिले जातात. १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात असलेल्या सिंधमधून आलेल्या हिंदूंपैकी बरेच जण कल्याणजवळील लष्करी छावणीत राहिले. तिचेच पुढे उल्हासनगर झाले. एवढे होऊनही १९५१ च्या जनगणनेनुसार भारतात सु. साडेतीन कोटी मुसलमान होते. मुसलमानांचे राष्ट्र म्हणून पाकिस्तान निर्माण झाले खरे, पण उपखंडातील मुसलमानांचा फार मोठा भाग त्याच्या बाहेरच राहिला.

संस्थानांच्या बाबतीत ही विसंगती अधिक तीव्र झाली. जुनागढचा नबाब मुसलमान व प्रजा बहुसंख्य हिंदू. त्याने पाकिस्तानात सामील होण्याचे ठरविले आणि सप्टेंबर १९४७ मध्ये जिनांनी ते मान्य केले. काश्मीरमध्ये परिस्थिती नेमकी उलट होती. तेथे महाराजांनी टोळीवाल्यांच्या आक्रमणानंतर २६ ऑक्टोबर रोजी भारतातील सामीलनाम्यावर सही केली, तेव्हा पाकिस्तानने ते अमान्य केले. एका ठिकाणी राजाची इच्छा व दुसऱ्या ठिकाणी प्रजेचा धर्म, अशा दोन कसोट्या एकाच वेळी लावल्या गेल्या. भारतानेही जुनागढमध्ये प्रजेचा कौल घेतला आणि काश्मीरमध्ये राजाच्या सहीला प्रमाण मानले, हे निःपक्षपाती अभ्यासकाने नोंदविले पाहिजे. १९४७-४८, १९६५ आणि १९९९ मधील युद्धांचे मूळ काश्मीरमध्येच होते. पाकिस्तानच्या दृष्टीने काश्मीर हा केवळ भूप्रदेशाचा प्रश्न नाही. मुस्लिमबहुल प्रांत भारतात सुखाने राहू शकतो असे सिद्ध झाल्यास द्विराष्ट्रवादाचे गृहीतकच ढासळते, आणि या वादात तडजोड इतकी अवघड का होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे सापडते.

केवळ व्यवहाराचा प्रश्न असेल तेथे तडजोड शक्य होती, हे पाणीवाटपावरून दिसते. पंजाबातील कालव्यांची मुखे भारतात व भिजणारी जमीन पाकिस्तानात अशी स्थिती निर्माण झाली होती. १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने काही कालव्यांचे पाणी बंद केले. ही धास्ती पाकिस्तानच्या मनातून कधीच गेली नाही. तरीही जागतिक बँकेच्या मध्यस्थीने १९ सप्टेंबर १९६० रोजी सिंधू पाणीवाटप करार झाला आणि रावी, बियास व सतलज भारताच्या, तर सिंधू, झेलम व चिनाब मुख्यत्वे पाकिस्तानच्या वाट्यास आल्या. पुढील युद्धांतही हा करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे २६ जणांची हत्या झाल्यावर भारताने तो स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. मे महिन्यात दोन्ही देशांत चार दिवसांचा सशस्त्र संघर्ष झाला.

अफगाणिस्तानचे उदाहरण अधिक उद्‌बोधक आहे. मॉर्टिमर ड्युरँड व अमीर अब्दुर रहमान यांच्यातील १८९३ च्या कराराने आखलेली सु. २,६०० किमी. लांबीची रेषा पश्तून टोळ्यांच्या प्रदेशातून जाते. ब्रिटिश गेल्यावर ती रेषा बंधनकारक नाही, अशी भूमिका काबूलने घेतली. सप्टेंबर १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या प्रवेशाविरुद्ध मत देणारा एकमेव देश अफगाणिस्तान होता. हे मत त्याने नंतर मागे घेतले. सरहद्द प्रांतातील जुलै १९४७ च्या सार्वमतात पश्तूनांना स्वतंत्र पश्तुनिस्तानचा पर्याय मिळाला नाही, म्हणून खान अब्दुल गफारखान यांच्या खुदाई खिदमतगारांनी त्यावर बहिष्कार टाकला. १९६१ मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले, सीमा बंद झाली आणि अफगाण फळे विमानाने परदेशी पाठविण्याची वेळ आली. इराणच्या शहांच्या मध्यस्थीने १९६३ मध्ये संबंध पूर्ववत झाले. १९९६ नंतर काबूलमध्ये पाकिस्तानच्या मदतीने तालिबानची राजवट आली, तरी तिनेदेखील ड्युरँड रेषा मान्य केली नाही. तालिबान २०२१ मध्ये पुन्हा सत्तेवर आले, त्यावेळी पाकिस्तानातील अनेकांना समाधान वाटले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच सीमेवर दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि दोहा येथे शस्त्रसंधी करावा लागला. एकाच धर्माची व एकाच पंथाची दोन सरकारे येथे परस्परांसमोर उभी आहेत. याउलट साम्यवादी चीनशी पाकिस्तानने मार्च १९६३ मध्ये सीमाकरार केला व त्या सीमेवर नंतर संघर्ष उद्‌भवला नाही. अर्थात त्या कराराने चीनला मिळालेला शक्सगामचा प्रदेश भारत आपला मानतो.

पूर्व बंगालची फारकत हा द्विराष्ट्रवादावरील सर्वांत मोठा आघात होय. सु. १,६०० किमी. अंतरावरील दोन भागांना धर्माखेरीज जोडणारे फारसे काही नव्हते. मार्च १९४८ मध्ये डाक्का येथे उर्दू हीच राष्ट्रभाषा होईल असे जिनांनी जाहीर केले, आणि ते उर्दूभाषक नव्हते. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी डाक्का येथे भाषेसाठी निदर्शने करणाऱ्यांवर गोळीबार झाला. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत अवामी लीगने पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकून राष्ट्रीय सभेत बहुमत मिळविले. सत्ता देण्याऐवजी २५ मार्च १९७१ रोजी लष्करी कारवाई सुरू झाली. सु. एक कोटी निर्वासित भारतात आले आणि १६ डिसेंबर रोजी पाकिस्तानी सैन्याने डाक्का येथे शरणागती पत्करली. पाकिस्तानने बांगला देशास १९७४ मध्ये मान्यता दिली. बांगला देशाने १९७२ च्या संविधानात धर्मनिरपेक्षतेचा स्वीकार केला होता. १९८८ मध्ये तेथेही इस्लाम हा राज्यधर्म झाला.

फाळणीच्या वेळी बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दूभाषक मुसलमान १९७१ नंतर कोणाचेच राहिले नाहीत. धर्माच्या आधारे त्यांनी जो देश निवडला होता तो त्यांच्या पायाखालून निघून गेला. पाकिस्तानने त्यांतील काहींनाच आपल्याकडे घेतले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना बांगला देशाचे नागरिकत्व मिळण्यास २००८ मधील तेथील उच्च न्यायालयाचा निर्णय यावा लागला. त्यांच्यापैकी पुष्कळ कुटुंबे त्यानंतरही डाक्क्याच्या मीरपूर व मोहंमदपूर भागांतील छावण्यांतच राहत आली आहेत.