टोर्गहाटेन

नॉर्वेच्या नॉर्लँड परगण्यातील टोर्गेट बेटावरचा २५८ मी. उंचीचा ग्रॅनाइटी डोंगर. ब्रोनोयसुंड गावाच्या नैर्ऋत्येस. डोंगराच्या आरपार गेलेले नैसर्गिक भुयार सु. १६० मी. लांब, ३५ मी. उंच व २० मी. रुंद आहे. हिमयुगात जमीन बर्फाच्या भाराने दबलेली असताना बर्फ आणि समुद्राच्या लाटांनी भेगाळलेला खडक कोरला. भार हलका झाल्यावर किनारा वर उचलला गेला.

लोककथेत कारण वेगळे, आणि अधिक रंगतदार: हेस्टमानेन या ट्रोलने (राक्षसाने) पळणाऱ्या लेकामोया या तरुणीवर बाण सोडला, सोम्नाच्या राजाने मध्ये टोपी फेकली, बाण टोपीच्या आरपार गेला आणि सूर्य उगवताच टोपीचा भोकासकट दगड झाला; तोच हा डोंगर.

पायवाटेने भुयारापर्यंत चढता येते. आत दगडधोंडे असल्याने मजबूत बूट हवेत. ६ मे १९८८ रोजी या डोंगरावर विमान आदळून ३६ जण मृत्युमुखी पडले.