सिंहगड, रविवार, दुपारी १.१०

कोथरूडहून सिंहगड तासाभराच्या अंतरावर. बेत साधा होता: सातला निघायचं, गर्दीआधी गड गाठायचा, पिठलं-भाकरी खायची, तानाजींच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, कल्याण दरवाजा पाहायचा आणि बाराला घरी. मंडळी पाच: आई, बाबा, आजी, आजोबा आणि आठ महिन्यांचं बाळ. बेत चौघांच्या मताने ठरला.

सकाळी ६.०० (अनर्थाला ७ तास १० मिनिटं)
बाळ उठलं. या वयात एका झोपेनंतर बाळ साधारण अडीच-तीन तास जागं राहतं. म्हणजे पहिली डुलकी नवाच्या सुमारास, दुसरी साडेबाराच्या आसपास. हे घरात सगळ्यांना पाठ आहे.

७.०० (६ तास १० मिनिटं)
निघायची वेळ. बाळाने प्यायलेलं दूध आईच्या नव्या कुर्त्यावर काढलं. बाबा अजून डिकीत प्रॅम बसवताहेत.

८.५० (४ तास २० मिनिटं)
गाडी हलली. कारसीटमध्ये रडारड. “दे गं इकडे मांडीवर,” आजी म्हणाल्या. आई ठाम राहिली. मूल सुरक्षित न बांधता नेलं तर हजार रुपये दंड आहे, असं बाबांनी सांगितल्यावर वाद मिटला. राजाराम पूल ओलांडताना बाळ झोपलं.

९.३० (३ तास ४० मिनिटं)
खडकवासला. धरणाजवळ कणसांच्या गाड्या. बाबांना मोह आवरला नाही. गाडी थांबली आणि बाळ टक्क जागं झालं. एका कणसापायी सकाळची झोप निम्म्यावर आली.

१०.४० (अडीच तास)
पायथ्याशी रांग. वरचं पार्किंग भरलेलं. खाली गाड्या येतील तशा वर सोडतात. “परत फिरूया का रे?” आईने विचारलं. “आता इतकं आलोय तर...” बाबा म्हणाले. टाळता आला असता तो क्षण हाच.

११.४५ (१ तास २५ मिनिटं)
वर पोहोचले. पुढे पुणे दरवाजाच्या पायऱ्या, त्यामुळे प्रॅम बाबांच्या डोक्यावर. हात मोकळे नाहीत म्हणून बदलायच्या कपड्यांची आणि थर्मासची पिशवी गाडीतच राहिली.

१२.२० (५० मिनिटं)
पिठलं, भाकरी, ठेचा, मडक्यातलं दही. नाचणीचं सत्त्व हाताशी, गरम पाणी गाडीत. बाळाने चार चमचे दही खाल्लं, डोळे चोळले, कान ओढला. पहिली सूचना.

१२.४५ (२५ मिनिटं)
बाळ उगाचच खदाखदा हसू लागलं. “बघा, कसं रमलंय!” आजोबा खूश. फार दमलेली बाळं कधीकधी अशीच हसतात. दुसरी सूचना. “कल्याण दरवाजा तेवढा बघून घेऊ,” बाबा म्हणाले.

१.१०
अनर्थ. सगळ्यांचा फोटो काढायला उभे राहिले आणि डायपरने हात टेकले. टाचांपासून पाठीपर्यंत. रडणं टिपेला. कोरडे कपडे गाडीत. बाळाला आईच्या ओढणीत गुंडाळलं. “आमच्या वेळी नव्हतं हो असं,” आजी म्हणाल्या. “आपण वर्षभर कुठे गेलोच नव्हतो,” आजोबांनी आठवण करून दिली.

१.५०
गाडी घाट उतरू लागली. पहिल्याच वळणावर बाळ झोपलं.

निष्कर्ष
बाळ निर्दोष आहे. दिवसभर वेळापत्रक पाळलं ते फक्त त्यानेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४ ते ११ महिन्यांच्या बाळाला दिवसाच्या डुलक्या धरून चोवीस तासांत १२ ते १६ तास झोप हवी. उरलेल्या वेळातून खाणं, अंघोळ आणि डायपर वजा केले, की सहलीला सलग असा तास-दीड तासच हाती लागतो. त्यात सारसबाग बसते, सिंहगड बसत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला बेत तसाच ठेवून त्यात बाळ कोंबलं, हे या अनर्थाचं मूळ.

शिफारशी
सकाळची डुलकी घरीच होऊ द्या आणि ती संपली की निघा. एका दिवशी एकच ठिकाण. प्रॅमऐवजी बाळाला अंगाशी बांधायचं कॅरियर घ्या, कपड्यांची पिशवी खांद्यावरून उतरवू नका. बाळाने डोळे चोळले, की जिथे असाल तिथून मागे फिरा. काय पाहायचं राहिलं याचा हिशेब करू नका. आणि गड चढायचाच असेल, तर बाळाला आजी-आजोबांपाशी ठेवून दोघांनीच जा.