जाम, नाग आणि कन्हान

पांढुर्णा व सावरगाव ह्या दोन वस्त्यांच्या मधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते आणि दोन्ही काठांवरचे लोक परस्परांवर गोटे फेकतात. ह्या गोटमारीमुळे नदीचे नाव दूरवर पोहोचले. परंतु वर्षाच्या उरलेल्या दिवसांत तिची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. वास्तविक जाम ही सौंसरच्या संत्र्यांच्या मुलखातून वाहत जाऊन कन्हानला मिळते आणि पुढे कन्हानचे पाणी नागपूर शहर पिते. पांढुर्ण्याच्या काठावरून पात्रात जे टाकले जाते, त्याचा संबंध असा खालच्या अंगाच्या घरांशी जडलेला आहे.

हे नाते राजकीय सीमांहून जुने आहे. भोसल्यांच्या काळापासून हा सारा प्रदेश नागपूरशी बांधलेला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली ह्या दोन्ही तालुक्यांचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. ह्या सर्व घडामोडींत कन्हानचे खोरे मात्र एकच राहिले.

त्याच कन्हानला मिळणाऱ्या नाग नदीची कथा म्हणूनच जामकाठच्या लोकांनी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. नाग लाव्हाच्या टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावात येते व पुढे सुमारे १७ किलोमीटर नागपुरातून वाहते. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद ह्याने वसविलेल्या नगराला ह्याच नदीवरून नाव पडले, असे मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अंबाझरीतून शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे वस्ती वाढली, घरोघरीचे सांडपाणी नदीत सोडले गेले आणि जिने नगराला नाव दिले, तिलाच लोक नाला म्हणू लागले.

२०१३ साली महापालिकेने नागरिकांच्या सहभागाने नाग नदीच्या स्वच्छतेची मोहीम हाती घेतली. पावसाळ्यापूर्वी पात्रातील गाळ उपसण्याचे काम त्यानंतरही चालू राहिले. लोकांची दृष्टी नदीकडे वळली, हा ह्या प्रयत्नाचा मोठाच लाभ होय. परंतु गाळ काढला तरी सांडपाणी येतच राहते, हेही त्यातून स्पष्ट झाले. अखेर २०२१ साली प्रदूषण निवारणाच्या २१०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या योजनेस केंद्राची मान्यता मिळाली. आरंभीच्या दुर्लक्षाचे मोल हे असे चुकवावे लागते.

दुसरा धडा अधिक कठोर होता. २३ सप्टेंबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर काही तासांतच १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचे पाणी हजारो घरांत शिरले आणि काहींना प्राणांस मुकावे लागले. तेव्हा तलावाखालच्या वस्त्यांतील रहिवासी केवळ भरपाई मागून थांबले नाहीत. त्यांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे दाद मागितली आणि धरणाची सुरक्षितता, सांडव्यासमोरील अडथळे व पात्रातील बांधकामे ह्यांचा प्रश्न उभा केला. आपल्या दाराशी आलेल्या पाण्याचे कारण वरच्या अंगाला शोधले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. पाणलोटाचे रक्षण म्हणतात ते हेच.

जामला अजून नागची अवस्था प्राप्त व्हावयाची नसेल, तर हा विचार आधीच व्हावयास हवा. मध्य प्रदेशात ३० मार्च ते ३० जून २०२५ ह्या काळात जलगंगा संवर्धन अभियान चालले. नद्या, तलाव, विहिरी व बारवा ह्यांच्या जीर्णोद्धारासाठी लोकांच्या श्रमदानाला त्यात आवाहन होते. परंतु तीन महिन्यांच्या उत्साहाने नदी जगत नाही. उताराच्या शेतांतील माती बांधाने अडविणे, ओढ्यांच्या काठची झाडे राखणे, गावाचे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणे आणि पुराची जागा मोकळी ठेवणे, ही बारमाही कामे आहेत. ती एका काठाने केली आणि दुसऱ्याने मोडली, तर फळ कोणालाच मिळावयाचे नाही. पांढुर्णा व सावरगाव वर्षातून एक दिवस ह्या पात्रात समोरासमोर उभे राहतात. उरलेल्या दिवसांत ते एका बाजूने उभे राहिले, तर त्याचा लाभ सौंसरला होईल आणि सीमेपलीकडच्या नागपुरालाही होईल.