मुकी बंदूक

शाळेच्या इतिहास दालनासाठी एखादा जुना कंदील मिळतो का, हे पाहायला आम्ही मुंबईच्या चोर बाजारात गेलो होतो. एका दुकानात ग्रामोफोनच्या भोंग्यामागे हात गेला आणि लागली ती बंदूक. धूळ पुसली. लाकडावर पांढरा पट्टा, लोखंडावर मुकुट, 'ईशापूर', '१९४२' आणि 'डी.पी.' अशी अक्षरे. ली-एनफिल्ड, थ्री-नॉट-थ्री!

डी.पी. म्हणजे ड्रिल पर्पज, निव्वळ कवायतीसाठी. झिजलेल्या वा सदोष रायफलीच्या फायरिंग पिनचे टोक कापत, नळी निकामी करत आणि मग ती शिकाऊ पोरांच्या खांद्यावर देत. वजन मात्र तेच, चार किलोच्या आसपास. शाळेत असताना आम्हीही एन.सी.सी.त अशीच रायफल पेलली होती. हातात घेताच कानात घुमले, "बाजू शस्त्र!"

ईशापूरचा कारखाना हुगळीकाठी, बराकपूरच्या शेजारी आहे. त्याच बराकपूरला २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे यांनी बंड केले. निमित्त होते एनफिल्डच्याच काडतुसांचे. त्यानंतर इंग्रजांचा हिंदी शिपायावरचा भरवसा उडाला. गोऱ्यांकडे रायफल असताना हिंदी पलटणींना आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या गेल्या. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला, युरोपियनांना सूट मिळाली. पुढे पोलिसांसाठी ईशापूरलाच थ्री-नॉट-थ्रीची नळी बदलून एकबारी मस्केट बनवण्यात आली. तिच्यात लष्कराची गोळी चालत नसे. बंदूक द्यायची, पण अर्धीच!

तरीही हिंदी तरुण कवायत शिकले. १९२० नंतर युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर आले, १९४८ मध्ये एन.सी.सी. आली. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, एन.सी.सी. काही वर्षे कॉलेजात सक्तीचीही झाली. अशा मुक्या बंदुकांवर कितीतरी पोरे ताठ उभे राहायला शिकली.

"ले जाओ मास्टरसाब, इससे तो चिड़िया भी नहीं मरती," दुकानदार म्हणाला. खोटे नव्हते. दुरुस्त करूनही चालू शकणार नाही अशा जुनाट हत्याराला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे. पण हे स्टेशनवर पिशवी तपासणाऱ्या शिपायाला कोण सांगणार? पिशवी आमची, नाव आमचे, दाढी आमची. कागद दुकानदाराकडेही नव्हते. आम्ही बंदूक होती तिथे ठेवली, शिक्के वहीत उतरवून घेतले आणि कंदील घेऊन घरी आलो.

सोमवारी वर्गात फळ्यावर ते शिक्के काढून १८५७ पासूनची सगळी हकिकत सांगितली. मुले रंगून ऐकत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एन.सी.सी.त जायची त्याची फार इच्छा आहे.

"सर, ती चालतच नव्हती, तर मग तुम्ही आणली का नाही?"

घंटा झाली. आम्ही खडू खाली ठेवला. उत्तर उद्या देऊ म्हणालो. तो उद्या अजून उजाडायचा आहे.