रांग संपत नाही, फक्त जागा बदलते

वाढवण बंदरावर लिहा, असं बरेच जण सांगतायत. लिहिणारच आहे. पण त्याआधी न्हावा-शेवाचा इतिहास एकदा नीट बघू. पोस्ट लांब आहे, वेळ काढून वाचा.

मुंबईच्या गोद्या कधी बांधल्या? प्रिन्सेस डॉक 1880 ला, व्हिक्टोरिया 1888 ला, अलेक्झांड्रा (आताचा इंदिरा डॉक) 1914 ला. तो जमाना पोती, गासड्या, पेट्यांचा. माल माणसांच्या पाठीवरून उतरायचा. गोदीला दरवाजे, त्यामुळे जहाजानं भरतीची वाट बघायची. मागे शेड आणि शेडच्या मागे लगेच शहर.

1970 च्या दशकात कंटेनर आले आणि सगळं गणित फिरलं. कंटेनरला धक्क्यामागे मोकळं मैदान लागतं. ते मुंबईत आणायचं कुठून? जहाजं बाहेर नांगर टाकून दिवस मोजायची. थांबलेल्या जहाजाचंही भाडं चालू असतं. ते शेवटी मालाच्या किमतीत येतं, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून जातं.

उत्तर शोधलं खाडीपलीकडे, उरण तालुक्यात. तिथं आणि पनवेल, बेलापूर पट्ट्यात नवी मुंबईसाठी जमिनी घेणं आधीच चालू होतं. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व याच लढ्यातून आलं. 26 मे 1989 ला बंदर सुरू झालं.

मग रांग संपली का? नाही.

इथं एक साधी गोष्ट समजून घ्या. एसटी स्टँडवर दहा फलाट आहेत आणि दिवसभर सरासरी सातच भरलेले असतात. कागदावर तीन रिकामे. पण गाड्या वेळेवर, एकामागोमाग एक येत नाहीत; तीन तास काहीच नाही आणि मग सहा एकदम. बंदराचंही तसंच. म्हणून धक्का साधारण 70 टक्क्यांच्या वर भरलेला राहायला लागला की वाट बघण्याचे तास भराभर वाढतात, असं बंदराचं नियोजन करणारे मानतात. शंभर टक्के वापर म्हणजे कार्यक्षमता नव्हे, बाहेर लांबलचक रांग.

न्हावा-शेवाला दर काही वर्षांनी हेच झालं. 1999 ला देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल इथं चालू झालं. ते तुंबायला लागलं, तर 2006 ला आणखी एक. 2018 ला चौथ्या टर्मिनलचा पहिला टप्पा, 2025 ला दुसरा. मधल्या काळात मोठी जहाजं यावीत म्हणून समुद्रातला मार्ग दोनदा खोल केला. 2024-25 मध्ये इथून सुमारे 73 लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबात 73 लाख पेट्या, हलल्या.

पण समुद्रातली रांग आखडली की ती यार्डात येते. यार्ड मोकळं केलं की गेटवर, तिथून रस्त्यावर. करळ फाट्यावरून जे रोज जातात त्यांना मी काय सांगणार! ट्रेलरचा ड्रायव्हर स्टेअरिंगवरच झोपतो, तिथंच जेवतो. जहाज किती तास थांबलं याचा हिशेब होतो, ड्रायव्हरचा कोण करतं? मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग गुजरातच्या बंदरांना आधी जोडला गेला. न्हावा-शेवाचा शेवटचा तुकडा सगळ्यात मागे राहिला.

आणि एक कडी तुटली की सगळं बसतं. 27 जून 2017 ला जगभर सायबर हल्ला झाला. त्यात इथल्या एका टर्मिनलचे संगणक बंद पडले. क्रेन शाबूत, माणसं हजर, जहाज दारात, पण कुठली पेटी कुठं जायची तेच कळेना. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. वेळापत्रक कोलमडलं. तो आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षाचा हंगाम होता. युरोपला जाणारा माल रीफर कंटेनरमध्ये जास्तीचे दिवस राहिला. द्राक्षाला जहाजाची अडचण कळत नाही, त्याचा ताजेपणा कमी होत राहतो.

आता सर्वात लांब थांबलेल्यांबद्दल. उरणच्या प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्क्यांच्या जमिनीची पत्रं 2014 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते वाटली गेली. 1984 पासून मोजा: तीस वर्षं. बंदरासाठी उठवलेल्या हनुमान कोळीवाड्याला जिथं वसवलं, तिथं घरांना वाळवी लागली. ते लोक दुसऱ्या पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं भांडतायत. त्यांनी होड्या समुद्रात नेऊन जहाजं अडवली, तेव्हा कुठं बातमी झाली. जहाज काही तास थांबलं की मुंबई-दिल्लीत फोन वाजतात. गाव पिढीभर थांबलं तरी वाजत नाहीत.

वाढवणचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 ला झालं. खर्च सुमारे 76,000 कोटी, क्षमता न्हावा-शेवाच्या दुपटीहून जास्त. बंदर नको असं मी म्हणत नाही. माझ्याच जिल्ह्यातला शेतकरी बंदरावर अवलंबून आहे. पण क्षमतेचा आकडा सांगणाऱ्यांना दोन प्रश्न विचारायला हवेत. धक्का बांधून होईल तेव्हा रेल्वे आणि रस्ता तयार असेल का? आणि डहाणूच्या मच्छीमारांचा हिशेब पहिलं जहाज लागायच्या आधी होणार, की तीस वर्षांनी?

पालघर, उरणच्या मित्रांनी कमेंटमध्ये आपला अनुभव जरूर लिहा.