पायाखालचा सूर

यंदा वसुबारसेला माझा भाचा पुण्याहून आला तो पाठीला गिटार आणि हातात दोन खडावा घेऊन. खडावा म्हटले म्हणून वाचकांनी हसू नये. त्या वस्तू पाहून आमच्या आईलाही तेच वाटले. "कुण्या म्हाराजाच्या उचलून आणल्यास रे?" असे तिने दारातच विचारले. पाऊल मावेल एवढा धातूचा ठोकळा, वर खरबरीत रबर, आणि मध्ये बिजागरी असल्यामुळे टाच-चवडा दाबला की पुढेमागे डुलणारा. अशा दोन. एक त्याची स्वतःची आणि एक मित्राची, पारखून पाहण्यासाठी आणलेली.

"मामा, ह्याला वा पेडल म्हणतात," तो म्हणाला. "आवाज कोणाचा चांगला आणि टिकेल कोणते, एवढे तुम्ही ऐकून सांगा. माझा निकाल लागत नाही."

मी शाळामास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. विजेच्या गिटारीतले मला काय कळणार? पण भाच्याने विचारले आणि मामाने नाही म्हटले असे आमच्या गंगाखेडाकडे होत नाही. बैठकीत तारा जोडल्या, त्याने सूर छेडला आणि पाय हलवला. काय सांगावे! माणूस तोंड मिटून 'ऊ' म्हणतो आणि सावकाश ओठ उघडत 'आ'पर्यंत जातो, तसा तो सूर बोलला. गोठ्यातली गाय कान टवकारून उभी राहिली.

त्याची युक्ती भाच्याने समजावून दिली ती माझ्या बुद्धीप्रमाणे सांगतो. प्रत्येक सुरात मूळ कंपनांबरोबर वरची पुष्कळ कंपने मिसळलेली असतात. हे यंत्र त्यांतल्या एका पट्ट्यालाच उठाव देते. पाय पुढे गेला की तो उठाव वरच्या कंपनांकडे सरकतो, मागे आला की खाली उतरतो. आपण 'ऊ' आणि 'आ' म्हणताना तोंडाच्या पोकळीचा आकार बदलून हेच करतो. ट्रंपेट वाजवणारे वाद्याच्या तोंडाशी झाकण धरून व काढून असाच आवाज फार पूर्वीपासून काढीत. क्लाइड मॅककॉय हा अमेरिकन वादक त्यासाठी नावाजलेला होता, आणि १९६७ साली बाजारात आलेल्या पहिल्या वा पेडलला त्याचेच नाव दिले होते.

हे यंत्र जन्मले कसे, याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट नावाचा तरुण इंजिनियर एका ध्वनिवर्धकातली महागडी कळ स्वस्त करण्याच्या खटपटीत होता. टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या कळीऐवजी त्याने रेडिओच्या आवाजाला असते तसले फिरते बटण बसवले. ते फिरवता फिरवता सूर बोलू लागला! पण गिटार वाजवणाराचे दोन्ही हात गुंतलेले, मग बटण फिरवायचे कोणी? कारखान्यात विजेच्या ऑर्गनचे आवाज कमीजास्त करणारे पायपेडल पडलेले होते. त्याच्याच पोटात हे नवे यंत्र घातले गेले.

ऑर्गनचे पेडल! हे ऐकताच माझी नजर माजघराच्या दाराकडे गेली. तिथे, धान्याच्या कणगीशेजारी, जुन्या रजईखाली आमच्या आजोबांचा ऑर्गन उभा आहे. भाच्याचा प्रश्न मला नवा नव्हता. आवाज कोणाचा चांगला आणि टिकेल कोण, याच वादात आमच्या घरातली चाळीस वर्षे गेलेली आहेत.

ऑर्गन म्हणजे ज्याला आपले लोक सरसकट पायपेटी म्हणतात, त्यांतला एक प्रकार. वास्तविक पायाने भाता मारायच्या दोन निरनिराळ्या जाती होत्या. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये दबेन याने ज्याला हार्मोनियम हे नाव दिले त्यात भाता हवा कोंडून पितळी स्वरपट्ट्यांवर फेकतो. त्यामुळे आवाज धारदार, थोडा नाकातला, आणि पायाच्या जोराप्रमाणे चढणारा-उतरणारा. दुसरी जात अमेरिकन ऑर्गनची. मेसन अँड हॅम्लिनसारख्या कारखान्यांनी ती घरोघर पोहोचवली. त्यात भाता हवा आत ओढून घेतो, आणि स्वरपट्टीची जीभ किंचित वळवलेली असते. सूर गोल निघतो, मऊ निघतो. शिवाय गुडघ्याशी एक दांडी असते. ती बाजूला दाबली की आतली झडप उघडते आणि सूर फुलतो. दोन्ही पाय भात्यावर, गुडघा दांडीला, दोन्ही हात पट्ट्यांवर! भाच्याला मी हे दाखवले तेव्हा तो म्हणाला, "मामा, मग माझ्या पेडलात नवे काय आहे?" नवे आहेच, ऑर्गनची दांडी सुराचा आकार वाढवते, सुराचे तोंड बदलत नाही. पण हात गुंतलेल्या वादकाने अंगाच्या दुसऱ्या भागाकडून भाव मागावा, ही कल्पना तीच.

मराठी माणसाच्या कानात हा सूर बसवला तो रंगभूमीने. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगमंचावर आले. पुढे संगीत नाटकाला जसजसा बहर आला तसतसा ऑर्गन हा रंगमंचापुढचा मानकरी झाला. १९११च्या 'मानापमाना'ला चाली दिल्या त्या गोविंदराव टेंब्यांनी, आणि टेंबे हे पेटीवरचे जादूगार. बालगंधर्वांच्या मंडळीत तबल्याला थिरकवाँ, सारंगीला कादरबक्ष आणि ऑर्गनला हरिभाऊ देशपांडे, अशी साथ असे. सारंगीने गळ्याच्या वळणांमागून जावे आणि ऑर्गनने खाली सुरांची बैठक अंथरावी, अशी ही वाटणी होती. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या दिवसांत शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवायचा, आणि तोही गायकाला न झाकता, हे काम धारदार पायपेटीपेक्षा ऑर्गनला अधिक साधले असे माझे मत आहे. वाकबगार मंडळी मला दुरुस्त करतीलच.

१९३२ साली मराठी बोलपट आला. नियतीची थट्टा पाहा, 'अयोध्येचा राजा'त राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबेच! बोलपटाने नाटक मंडळ्यांचे कंबरडे मोडले. पडदे, कनाती, दागिने विकायला निघाले, आणि ऑर्गनही.

त्यांतलाच एक आमच्या आजोबांनी घेतला. कोणत्या मंडळीचा, ते त्यांनी कधी सांगितले नाही. मोडलेल्या घराचे नाव घेऊ नये, म्हणत. त्या वेळी आमचा परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता. मुंबई इलाख्यातून माल आणायचा तर मनमाडवरून छोट्या रुळांच्या गाडीने, आणि सरहद्दीवर करोडगिरी भरून. किंमत कलदार रुपयांत, घरातला पैसा हाली शिक्क्यात. आजीच्या पाटल्या गेल्या त्या तिथे. नाक्यावरच्या कारकुनाला हे मेज आहे की वाद्य आहे ते ठरवता येईना. आजोबांनी तिथल्या तिथे झाकण उघडून भैरवीचे चार सूर वाजवले. कारकुनाने डोळे पुसले आणि मेज म्हणून नोंद केली. खरे खोटे देव जाणे. घरात दर दिवाळीला ही गोष्ट थोडी वाढत आलेली आहे. परभणी स्टेशनापासून पुढे बैलगाडी. गोदावरीकाठच्या वाळूत चाके रुतली तेव्हा ऑर्गनखाली गोधड्या घातल्या, आणि आजोबा स्वतः चालत आले.

गावात मात्र दुसराच राजा होता. देवळात, जनाबाईच्या अभंगांना साथ करणारी, हातपेटी. हिचे श्रेय कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांना देतात. १८७५च्या सुमारास त्यांनी पायाचा भाता काढून मागच्या बाजूला हाताचा बसवला. बस्स, पेटी जमिनीवर आली! आपले गाणे-बजावणे मांडी घालून चालणारे. खुर्चीवर बसलेला साथीदार भजनात शोभत नाही. एका हाताने भाता मारायचा म्हणून वाजवायला एकच हात उरतो, पण आपल्या एकसुरी गाण्याला तेवढा पुरतो. दिंडीत गळ्यात अडकवता येते. आणि आवाज? आवाज ऑर्गनपेक्षा हलका, थोडा कर्कश. आजोबा तिला 'कोकलणारी' म्हणत. भजनी मंडळाचे पेटीवाले बुवा ऑर्गनला 'साहेबाचं कपाट' म्हणत. दोघांचे एकमेकांवाचून चालतही नसे.

ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले. तिचे सूर ठरलेले, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, ही तक्रार होती आणि ती खोटी नव्हती. ते दार १९७१ साली किलकिले झाले, तेही आधी साथीपुरतेच. देवळातल्या बुवांना ह्या बंदीची वार्ता होती की नाही कोण जाणे. त्यांची पेटी एक एकादशीही चुकली नाही.

आता टिकाऊपणाचे. लाकूड ऑर्गनचे चांगले, कारागिरी उत्तम, वजन दोन माणसांना न उचलणारे. पण आमच्याकडचा उन्हाळा फळ्यांना भेगा पाडतो आणि गोदाकाठचा पावसाळा त्याच फळ्या फुगवतो. भात्याचे रबरी कापड वाळून तडकते, पायपेडलचे पट्टे तुटतात, नमदा उंदीर नेतात. आणि धूळ! स्वरपट्टीची पितळी जीभ आपल्या चौकटीतून केसाएवढ्या फटीने सुटी असते. त्या फटीत ज्वारीच्या खळ्यावरची कुसळ अडकली की सूर मुका. हातपेटीचीही हीच दुखणी होती. फरक पडला तो औषधात. पेटी दुरुस्त करणारे कारागीर जत्रेजत्रेतून हिंडत. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पेटीत जर्मन पट्ट्या असत. युद्धाने त्या बंद झाल्या, आणि पुढे सौराष्ट्रातल्या पालिताण्याच्या पट्ट्या मिळू लागल्या. आमच्या बुवांच्या पेटीत कारागिराने एकेक करून त्या बसवल्या. जर्मन पट्टीची झिलई त्यांत नव्हती. पेटीचा आवाज दरवर्षी थोडा थोडा बदलत गेला, आणि एक दिवस जुन्यातले काहीच उरले नाही. पण ती वाजत राहिली. आजही वाजते.

ऑर्गनला पालिताण्याची पट्टी बसत नाही. त्याची प्रत्येक पट्टी स्वतंत्र खाचेत सरकवलेली असते आणि तिची जीभ वळवलेली. बसवायचीच तर आतली फळी बदला, खाचा बुजवा, हवेची दिशाही बदला. एका कारागिराने तसे करून देतो म्हटले होते. आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. "आवाज गेला तर ऑर्गन कशाला म्हणायचे?" एवढेच ते बोलले. ते गेले तेव्हा एकसष्टांपैकी अकरा पट्ट्या मुक्या होत्या.

लहानपणी मला आजोबांचा हा हट्ट थोर वाटे. पुढे वडिलांची बाजू पटू लागली. ते म्हणत की मुक्या ऑर्गनवर आपल्या पोरांपैकी कोणी काही शिकले नाही, बुवांच्या कोकलणाऱ्या पेटीवर अर्धे गाव शिकले. अजून माझे मन कधी इकडे, कधी तिकडे होते.

भाच्याच्या दोन पेडलांतही हेच भांडण निघाले. त्याच्या स्वतःच्या पेडलात पायाबरोबर एक दात्यांची पट्टी हलते आणि ती ते फिरते बटण फिरवते. बटणाच्या पोटातल्या काळ्या लेपावर एक धातूची बोटी सारखी घासते. लेप झिजला, धूळ शिरली की दर पावलाला खरखर. त्याची खरखर सुरू झालेली होती. मित्राच्या पेडलात घासणारे काही नाही. पाय हलला की आतल्या दिव्याचा उजेड कमीजास्त अडतो आणि उजेड ओळखणारा एक तुकडा बाकीचे काम करतो. मॉर्ली नावाच्या अमेरिकन कारखान्याने ही तऱ्हा रूढ केली. झिजायला काही नाही म्हणून टिकाऊ. पण माझ्या कानाला पहिल्याचा सूर अधिक बोलका वाटला, घशातून आल्यासारखा, दुसऱ्याचा गुळगुळीत. मी तसे सांगितले. भाचा हिरमुसला, कारण त्याचेही मत तेच होते.

धनत्रयोदशीला आम्ही परभणीला गेलो. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने खडाव उघडली, दोन मिनिटे न्याहाळली, आणि म्हणाला, "मास्तर, बटन गेलंय. एक लाखाचं पायजे, आहे माझ्याकडं." एक लाख म्हणजे ओहम, रुपये नव्हेत, रुपये त्याने चहापाण्याइतकेच घेतले. खरखर गेली. पण घरी येऊन वाजवले तर 'ऊ'पासून 'आ' एकदम येऊ लागला, मधला प्रवास आखडला. मूळ बटणातला लेप एका विशिष्ट चढणीने घातलेला असतो, तो ह्या साध्या बटणात नव्हता. भाच्याने जुने बटण खिशातून काढून पुष्कळ वेळ हातात फिरवले. फेकले मात्र नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तो आपण होऊन ऑर्गनपाशी बसला. मागची फळी काढली, मी कंदिलासारखी विजेरी धरली. मुक्या पट्ट्यांपैकी पहिली त्याने आकड्याने हलकेच ओढून बाहेर घेतली आणि जिभेखालून पोस्टकार्डाची पातळ कड फिरवली. कुसळ निघाले, बारीक, पिवळे, कोणत्या सालच्या ज्वारीचे कोण जाणे. पट्टी परत सरकवली, भात्याला चिकटपट्टी लावली होती ती सांभाळून मी पाय मारला, आणि मध्य सप्तकातला कोमल धैवत बोलला.

"आजोबांच्याच आवाजाचाय ना?" आईने स्वयंपाकघरातून विचारले. तिने तो आवाज नवी नवरी असताना ऐकलेला.

संध्याकाळपर्यंत अकरांपैकी चार सुटल्या. सात अजून मुक्या आहेत. त्यांतल्या दोघींच्या जिभा मोडलेल्या आहेत, त्यांना पोस्टकार्डाचा उपयोग नाही. पूजेला भाच्याने ऑर्गन वाजवला, त्या सात जागा चुकवीत, आणि देवळातून बुवांचा नातू हातपेटी घेऊन आला, त्याने त्या भरून काढल्या.