वाळूंत पुरलेली मोटार
अपुरें काम पुढें नेणाऱ्याच्या पदरीं त्यांतील धोकाही येतो. काउंट झ्बोरोव्स्की यांनीं २७ लिटरचें लिबर्टी विमान-इंजिन व जुन्या बेंझ मोटारीचा गिअरबॉक्स जोडून एक प्रचंड गाडी उभारली; परंतु ती मनाजोगी होण्याआधींच, १९२४ सालीं, मोंझाच्या शर्यतींत ते मरण पावले. पॅरी-टॉमस यांनीं ती १२५ पौंडांस घेतली, सुधारली, 'बॅब्स' असें तिचें नांव ठेविलें आणि १९२६ सालीं वेल्समधील पेंडाइनच्या किनाऱ्यावर ताशीं १७१ मैलांचा विक्रम केला. ३ मार्च १९२७ रोजीं तेथेंच ते अपघातांत ठार झाले. गाडी वाळूंत पुरण्यांत आली. १९६९ सालीं ओवेन विन ओवेन यांनीं ती उकरली व गंजलेले भाग सांवरून पुन्हां चालती केली. टाकलेलें यंत्र दोनदां वांचलें. तें घडविणारे दोघे मात्र वांचले नाहींत, हें स्मरणांत ठेवावें.